एस्सिटॅलोप्रॅमच्या चिठ्ठीमागची सत्तर वर्षं

नैराश्यासाठी किंवा सततच्या चिंतेसाठी आज मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं, की चिठ्ठीवर एस्सिटॅलोप्रॅम हे नाव येण्याची बरीच शक्यता असते. नाहीतर सर्ट्रालिन, नाहीतर फ्लुओक्सेटिन. सोबत डॉक्टर चार गोष्टी तोंडी सांगतात. लगेच फरक दिसणार नाही. मनाने गोळी बंद करायची नाही. दुसरं काही औषध चालू असेल तर आधी सांगायचं. पेशंट तरुण असेल तर घरच्यांनी सुरुवातीला लक्ष ठेवायचं. यातल्या निम्म्या गोष्टी मेडिकलच्या दुकानापर्यंत पोचेस्तोवर विसरल्या जातात, कारण त्या नेहमीच्याच वाटतात. पण त्यातली एकही सूचना पुस्तकात आपोआप उगवलेली नाही. प्रत्येकीसाठी कुणीतरी, कुठेतरी भोगलं आहे.

या कहाणीचा एक धागा मुंबईतून निघतो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे झोपेसाठी आणि वेडासाठी पिढ्यान् पिढ्या वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन काय दिसलं ते १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं आणि पाश्चात्त्य डॉक्टर तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. पुढे ते घेणारे काही रक्तदाबाचे रुग्ण उदास होतात, असं डॉक्टर सांगू लागले. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की रेसर्पिनमुळे शरीरातला सेरोटोनिनचा, म्हणजे मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचा, साठा रिकामा होतो. दोन गोष्टींची सांगड घातली गेली: सेरोटोनिन घटलं की माणूस खचतो. ‘मेंदूतलं रसायन कमी झालंय’ हे वाक्य आज दवाखान्यात ऐकू येतं, त्याचं एक मूळ इथे आहे. गंमत म्हणजे त्याच १९५५ मध्ये लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त, उदास रुग्णांनाच रेसर्पिन दिलं, तर त्यांना त्याने बरं वाटलं. तो निबंध मागे पडला. सोपं वाक्य तेवढं टिकलं.

दुसरा धागा क्षयरोगाचा. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना आयप्रोनायझिड हे नवं औषध दिलं जात होतं. खंगलेली माणसं जेवायला लागली, हसायला लागली, वॉर्डात नाचतानाचे त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले. मानसोपचारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी हाच दुष्परिणाम उपचार म्हणून वापरायचं ठरवलं, आणि १९५७ पासून ते नैराश्यावरचं औषध म्हणून पुढे आलं. त्याच वर्षीच्या लास्कर या अमेरिकी वैद्यकीय पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन दोघेही आहेत. क्लाइन यांनीही आधी रेसर्पिन मनोरुग्णांना देऊन पाहिलं होतं, त्यामुळे सर्पगंधेने दोघांना एका यादीत आणलं.

आयप्रोनायझिड मोनोअमाइन ऑक्सिडेझ हे विकर (एन्झाइम) अडवतं. म्हणजे सेरोटोनिन आणि त्याच्या भाऊबंदांना मोडणारी यंत्रणाच बंद. त्याचा एक अर्थ असा, की खाण्यातल्या टायरामिन या रक्तदाब चढवणाऱ्या द्रव्यालाही मोडणारं कुणी उरत नाही. हे कळायला काही वर्षं गेली. ही औषधं घेणाऱ्यांना अचानक भयंकर डोकेदुखी होई, रक्तदाब भडकून काहींच्या मेंदूत रक्तस्राव होई. ब्रिटनमधल्या एका फार्मासिस्टने पत्रातून कळवलं, की आपल्या बायकोला हा त्रास चीज खाल्ल्यावर होतो. वरिष्ठांना ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं. बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरने मात्र पाठपुरावा केला, आणि १९६३ मध्ये मुरवलेल्या चीजवरचा आरोप सिद्ध झाला. औषध आणि दुसरं काहीतरी पोटात एकत्र आलं तर घात होऊ शकतो, हे मानसोपचार इथे शिकला. आयप्रोनायझिड तोवर यकृताच्या त्रासामुळे अमेरिकेतून गेलंही होतं.

मधल्या काळात, १९५६ मध्ये, स्वित्झर्लंडच्या म्युन्स्टरलिंगनमध्ये रोलँड कून यांनी गायगी कंपनीचं इमिप्रामिन रुग्णांना देऊन पाहिलं. (तिथे रुग्णांची संमती किती घेतली जायची, यावर इतिहासकारांनी अलीकडे फार बोचरं लिहिलं आहे.) औषध लागू पडलं. ट्रायसायक्लिक नावाचा मोठा गट त्यातून उभा राहिला, त्यातलं अमिट्रिप्टिलिन आजही अर्धशिशीसाठी छोट्या डोसात लिहिलं जातं. पण या गटाचं एक क्रूर वैशिष्ट्य होतं. जगण्यावरून मन उडालेल्या माणसाच्या हातात डॉक्टर जी बाटली देत, तीच एकदम रिकामी केली तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकत होता. थोड्याच दिवसांच्या गोळ्या द्यायच्या आणि त्या घरच्यांनी आपल्याकडे ठेवायच्या, ही पद्धत त्या धास्तीतून पक्की झाली. आजच्या गोळ्या त्या मानाने खूप सुरक्षित आहेत, तरी जोखीम असलेल्या पेशंटच्या बाबतीत ती मोडू नये.

एलाय लिली कंपनीत १९७२ च्या सुमारास तयार झालेलं फ्लुओक्सेटिन अमेरिकेत डिसेंबर १९८७ मध्ये मंजूर झालं. मधे स्वीडनचं झिमेलिडिन येऊन गेलं होतं. मज्जातंतूंच्या गंभीर आजाराच्या तक्रारींमुळे ते १९८३ मध्ये मागे घेतलं गेलं. मग सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन आणि डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीचं सिटॅलोप्रॅम. सिटॅलोप्रॅमच्या रेणूची डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखी दोन रूपं असतात, त्यातलं कामाचं तेवढं वेगळं काढून २००२ मध्ये एस्सिटॅलोप्रॅम अमेरिकेच्या बाजारात आलं. जुन्या पेटंटची मुदत संपत आली असताना कंपन्यांना असे शोध नेमके सुचतात, पण औषध चांगलं निघालं हेही खरं. २०११ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने सिटॅलोप्रॅमचा मोठा डोस हृदयाची लय बिघडवू शकतो म्हणून ४० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, साठीपुढच्यांना २०. एस्सिटॅलोप्रॅमची नेहमीची कमाल २० मिलिग्रॅम आणि वयस्करांना साधारण १०. आजोबांना तेवढ्याच गोळीवर ठेवतात तो डॉक्टरांचा कंजूषपणा नव्हे.

हा सगळा गट सेरोटोनिन परत शोषलं जाणं अडवतो. पण सेरोटोनिन काही फक्त मेंदूत नसतं. १९४८ मध्ये क्लीव्हलंडमध्ये ते सापडलं तेच मुळी रक्तात, रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य म्हणून. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं आणि रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बिंबाणू पेशी (प्लेटलेट) ते साठवून ठेवतात. पहिल्या आठवड्यात मळमळतं, पोट बिघडतं, ते यामुळे. गोळी जेवणानंतर घेतली तर बहुधा निभावतं. आणि ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा वेदनाशामकांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो तोही यामुळेच. गुडघेदुखीची गोळी आपल्याकडे कुणी ‘औषध’ म्हणून मोजतच नाही, म्हणून ती डॉक्टरांना सांगायची राहते.

सेरोटोनिन दोन बाजूंनी वाढवलं तर काय होतं, हे १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन या अठरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूने चव्हाट्यावर आणलं. ती त्या जुन्या विकर अडवणाऱ्या गटातलं फेनेल्झिन घेत होती, आणि रुग्णालयात तिला पेथिडिन हे तीव्र वेदनाशामक दिलं गेलं. मृत्यूच्या नेमक्या कारणावर वाद झाले, निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांचे नियम त्यातून आले, पण ही जोडी तेव्हापासून धोक्याची म्हणून ओळखली जाते. थरथर, घाम, ताप, गोंधळलेपण, स्नायूंचे झटके असं एकत्र दिसलं तर तो सेरोटोनिनचा अतिरेक असू शकतो आणि तडक इस्पितळ गाठावं लागतं. आपल्याकडे हा धोका वेगळ्या दाराने येतो: पाठदुखीसाठी सर्रास दिलं जाणारं ट्रामाडॉल, खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन. आणि लिनेझोलिड. हे प्रतिजैविक मोनोअमाइन ऑक्सिडेझ थोडंफार अडवतं, आणि ते दिलं जातं औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर. सी व्ह्यूमधलं चक्र इथे पुन्हा क्षयाच्या वॉर्डात येऊन थांबतं. क्षय आणि नैराश्य दोन्हींचे उपचार घेणारी माणसं आपल्याकडे आहेतच. दोन दवाखान्यांच्या दोन फाइली एकमेकींना भेटत नाहीत, त्या पेशंटलाच भेटवाव्या लागतात.

लक्ष ठेवण्याची सूचना १९९० मध्ये सुरू झाली. फ्लुओक्सेटिन घेणाऱ्या सहा रुग्णांच्या मनात आत्महत्येचे तीव्र विचार आल्याचं मार्टिन टायचर आणि सहकाऱ्यांनी लिहिलं. तेव्हा अमेरिकी प्रशासनाला पुरावा पुरेसा वाटला नाही. २००३ मध्ये ब्रिटनने १८ वर्षांखालच्यांना नैराश्यासाठी पॅरोक्सेटिन देऊ नये असं सांगितलं, २००४ मध्ये अमेरिकेने काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. मोठ्या वयात हा धोका वाढलेला दिसला नाही, पासष्टीपुढे तर घटलेला दिसला. इशाऱ्याचा अर्थ ‘तरुणांना गोळी देऊ नका’ असा नाही. पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता, झोप उडणं, विचित्र चिडचिड दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा, असा आहे. (२०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे.) एखाद्याला अचानक झोपेची गरजच वाटेनाशी झाली, बोलणं सुसाट सुटलं, खर्चाला धरबंध राहिला नाही, तर मूळ आजार द्विध्रुवीय (बायपोलर) असण्याची शंका येते, तेव्हाही तसंच.

चिंतेच्या रुग्णांना सुरुवातीला धडधड वाढल्यासारखी वाटते, म्हणून अनेक डॉक्टर ५ मिलिग्रॅमपासून चढतात. त्या दिवसांपुरता आधार म्हणून क्लोनाझेपाम ही मन शांत करणारी गोळी जोडतात, आणि भारतात ही जोडी एकाच गोळीत मिळते. सोयीची आहे, पण माझ्या मते आपल्याकडचा सर्वांत मोठा घोळ याच सोयीने केला आहे. एस्सिटॅलोप्रॅम महिनोन् महिने घ्यायचं असतं, क्लोनाझेपाम काही आठवडे. एकाच गोळीत बांधल्यावर क्लोनाझेपामची सवय लागते आणि लोक ‘डिप्रेशनच्या गोळीचं व्यसन लागलं’ म्हणतात. १९७० च्या पेटंट कायद्यामुळे औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, तेव्हा भारतीय कंपन्यांनी ही औषधं स्वतःच्या पद्धतीने बनवली आणि ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. ही मोठीच गोष्ट. पण शेड्यूल एचमधली, चिठ्ठीशिवाय न विकायची ही औषधं जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं घेणारेही त्यातूनच निपजले.

आणि बंद करणं. पॅरोक्सेटिन अंगातून लवकर उतरतं, फ्लुओक्सेटिन आठवडे रेंगाळतं, एस्सिटॅलोप्रॅम मधलं. एकदम सोडलं की चक्कर, रडू, विचित्र स्वप्नं, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके. बरीच वर्षं हा त्रास सौम्य आणि एक-दोन आठवड्यांचा म्हणून सांगितला गेला. रुग्णांनी लावून धरल्यावर ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सने २०१९ मध्ये भूमिका बदलली: काहींना तो तीव्र होतो आणि लांबतो. त्याच वर्षी होरोविट्झ आणि टेलर यांनी मेंदूच्या स्कॅनच्या आधारे दाखवलं, की छोट्या डोसाचाही मेंदूवर बराच ताबा असतो, त्यामुळे शेवटचे काही मिलिग्रॅम सर्वांत सावकाश उतरवायला हवेत. सर्वसाधारणपणे बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात आणि मग डॉक्टरांबरोबर बसून उतरण ठरवतात. आपल्याकडे बहुतेक जण बरं वाटल्याच्या आठवड्यातच सोडतात, झटके आले की आजार परतला समजतात, आणि कपाटातली उरलेली स्ट्रिप पुन्हा काढतात.