डिफेन्सिव्ह बॅकचे कव्हरेज प्रशिक्षण

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्या संघाच्या सर्वांत मागच्या फळीतील खेळाडूंना डिफेन्सिव्ह बॅक म्हणतात. प्रतिस्पर्धी रिसीव्हरकडे, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूकडे, फेकलेला पास निष्फळ ठरवण्यासाठी त्यांना जी तंत्रे शिकवली जातात ती कव्हरेज तंत्रे होत. या फळीत मैदानाच्या कडांकडे उभे राहणारे कॉर्नरबॅक आणि मधल्या भागात खोलवर उभे राहणारे सेफ्टी असे दोन मुख्य प्रकार असतात. चौघांच्या नेहमीच्या फळीत पाचवा खेळाडू आणला तर त्या रचनेला निकेल आणि सहावा आणला तर डाइम म्हणतात.

या प्रशिक्षणाची सारी अडचण एका विषमतेतून निर्माण होते. आपण किती यार्ड धावून कोणत्या बाजूला वळणार आहोत हे रिसीव्हरला आधीच ठाऊक असते. बचावपटूला ते ठाऊक नसते आणि तरीही त्याला, पुष्कळदा उलट्या पावली धावत, रिसीव्हरच्या जवळ राहायचे असते. नुसते वेगवान खेळाडू निवडून ही उणीव भरून निघत नाही. म्हणून चांगला प्रशिक्षक रिसीव्हरपुढचे पर्याय एकेक करून कमी कसे करावेत हे शिकवतो, आणि त्यासाठी त्याच्या हाती तीन साधने असतात : उभे राहण्याची जागा, पावले आणि नजर.

जागेचा विचार खेळ सुरू होण्यापूर्वीच करावा लागतो. बचावपटू रिसीव्हरच्या आतल्या खांद्यासमोर उभा राहिला तर मैदानाच्या मध्याकडे जाणारा मार्ग अडतो आणि रिसीव्हरला सीमारेषेकडे, म्हणजे कमी जागेकडे, वळावे लागते; बाहेरच्या खांद्यासमोर उभा राहिला तर नेमके उलट घडते. यालाच लेव्हरेज म्हणतात. कोणती बाजू धरायची हे मदत कोठून मिळणार यावर ठरते. कव्हर वन या रचनेत एक सेफ्टी मध्यभागी खोलवर मोकळा असतो, म्हणून कॉर्नरबॅक सहसा बाहेरची बाजू धरून रिसीव्हरला त्याच्याकडे लोटतो. कव्हर झिरोमध्ये असा मदतनीस कोणीच नसल्यामुळे आतली बाजू सोडणे धोक्याचे ठरते. नवशिक्या खेळाडूला बाजू पाठ असते, पण तिचे कारण सांगितलेले नसते, आणि रचना ऐन वेळी बदलली की तो चुकीच्या बाजूला उभा राहतो.

पावलांचे शिक्षण बॅकपेडलपासून, म्हणजे तोंड पुढे ठेवून मागे धावण्यापासून सुरू होते. कंबर खाली, छाती पायाच्या बोटांवर झुकलेली आणि भार चवड्यांवर ठेवावा लागतो. टाचांवर भार गेला की खेळाडूला थांबून पुढे झेपावता येत नाही. रिसीव्हर आणि बचावपटू यांच्यातील मोकळ्या अंतराला कुशन म्हणतात. रिसीव्हर ते अंतर झपाट्याने खाऊ लागला की कंबर फिरवून त्याच्या बाजूने धावायचे, आणि तो अचानक थांबला तर पाय रोवून चेंडूच्या दिशेने सुटायचे, असे हे दोन क्षण असतात. सरावात खेळाडूला मागे धावायला लावून खुणेसरशी तिरके पुढे आणि पुन्हा मागे पळवतात. त्याच्या मार्गाची आकृती इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी होत असल्यामुळे त्या सरावाला डब्ल्यू ड्रिल हे नाव मिळाले आहे. त्यात प्रशिक्षक वेगापेक्षा वाया गेलेल्या पावलाकडे अधिक लक्ष देतो, कारण पुढे सुटण्याआधी मागे पडलेले एक अनावश्यक पाऊल पास पूर्ण होऊ देण्यास पुरेसे असते.

नजर ही सर्वांत अवघड शिकवण होय. मॅन कव्हरेजमध्ये, म्हणजे एका खेळाडूने एका रिसीव्हरला सांभाळायचे असते तेव्हा, दृष्टी त्याच्या कमरेवर ठेवण्यास सांगतात. डोके आणि खांदे हुलकावणी देतात, पण कंबर वळल्याशिवाय शरीर वळत नाही. झोन कव्हरेजमध्ये प्रत्येकाकडे मैदानाचा एक भाग सोपवलेला असल्यामुळे नजर क्वार्टरबॅककडे, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूकडे, राहते, आणि तो तीनच पावले मागे सरकला तर पास जवळचा असणार हे बचावपटूने ओळखायचे असते. दोन्हीकडे एकाच वेळी पाहण्याचा मोह आवरत नाही तोवर इतर कौशल्ये निरुपयोगी राहतात. बहुतेक मोठ्या चुकांचे मूळ पायांत दिसत असले तरी ते आधी नजरेत असते, हे चित्रफितींच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसून येते.

रिसीव्हरला सुरुवातीलाच अंगाने अडवण्याच्या तंत्राला प्रेस म्हणतात. १९६०च्या दशकात ऑकलंड रेडर्सच्या विली ब्राउन यांचे नाव बंप अँड रन या त्याच्या आक्रमक रूपाशी जोडले गेले. पुढे त्यांनी त्याच संघाच्या डिफेन्सिव्ह बॅकना प्रशिक्षणही दिले. पिट्सबर्ग स्टीलर्सचे मेल ब्लाउंट हे तंत्र इतक्या ताकदीने वापरत की १९७८ साली एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगने रिसीव्हरला होणारा स्पर्श पहिल्या ५ यार्डांपुरता मर्यादित करणारा नियम केला आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या बदलाने प्रशिक्षणाचा भर हातांवरून पायांवर गेला. हात आधी टाकणारा खेळाडू तोल गमावतो आणि रिसीव्हर त्याच्या बाजूने निसटतो. म्हणून आधी पावलांनी त्याच्या समोर राहावे आणि तो दिशा निश्चित करील तेव्हाच हात लावावा, हा क्रम शिकवला जातो. सिअ‍ॅटल सीहॉक्सचे तेव्हाचे प्रशिक्षक पीट कॅरल यांच्या बचावात या संयमी प्रेसला मध्यवर्ती स्थान होते. या बचावाच्या जोरावर फेब्रुवारी २०१४ मधील सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, त्यांच्या संघाने डेन्व्हर ब्रॉन्कोजला ४३–८ असे हरवले.

मॅन आणि झोन यांची सांगड घालणाऱ्या पद्धतीला पॅटर्न मॅचिंग म्हणतात. १९९०च्या दशकाच्या आरंभी क्लीव्हलँड ब्राउन्समध्ये बिल बेलिचिक मुख्य प्रशिक्षक आणि निक सेबन बचाव-समन्वयक असताना या विचाराला पद्धतशीर रूप मिळाले. यात बचावपटू झोनप्रमाणे उभा राहतो, पण रिसीव्हरचा मार्ग उमगताच त्याला मॅन कव्हरेजप्रमाणे धरतो. उदाहरणार्थ, मैदानाचा खोल भाग चौघांत वाटणाऱ्या कव्हर फोरमध्ये सेफ्टी आतल्या रिसीव्हरवर लक्ष ठेवतो. तो सरळ खोल धावला तर त्याला धरतो, आणि तो जवळच बाहेर वळला तर मोकळा झालेला सेफ्टी कॉर्नरबॅकच्या मदतीला जातो. हे साधण्यासाठी सर्वांनी एकच चित्र एकाच वेळी वाचावे लागते, म्हणून मैदानावरील आवाजी सूचनांना तंत्राइतकेच महत्त्व येते. पुढे अलाबामा विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक असतानाही सेबन सरावात डिफेन्सिव्ह बॅकना स्वतः शिकवत, यावरून या कामाचे मोल कळते.

चेंडू हवेत असतानाचे वर्तन वेगळे शिकवावे लागते. बचावपटू रिसीव्हरच्या कमरेला कंबर भिडवून धावत असेल तर त्याने मागे वळून चेंडू पाहावा. तो मागे पडला असेल तर वळू नये, कारण वळताना आणखी अंतर पडते. अशा वेळी रिसीव्हरचे डोळे आणि हात पाहून, चेंडू हातात येताच तो हातांमधून उडवावा. येथील चूक फार महागात पडते : एनएफएलमध्ये पासमध्ये बेकायदा अडथळा आणल्यास चेंडू थेट त्या जागी नेला जातो, तर महाविद्यालयीन खेळात हा दंड १५ यार्डांपेक्षा जास्त होत नाही.

१ फेब्रुवारी २०१५ रोजी झालेला सुपर बोल या शिक्षणाचे उत्तम उदाहरण होय. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८–२४ असे पुढे होते आणि चेंडू त्यांच्या गोलरेषेपासून १ यार्डावर असताना सिअ‍ॅटलने एकामागे एक उभ्या असलेल्या दोन रिसीव्हरच्या रचनेतून पास फेकला. ब्रँडन ब्राउनर यांनी पुढच्या रिसीव्हरला जागीच रोखले आणि मागे असलेले माल्कम बटलर मोकळ्या झालेल्या वाटेने पुढे झेपावून चेंडू घेऊन गेले. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, कोणीही न निवडलेल्या या नवख्या खेळाडूला सामन्यापूर्वीच्या सरावात याच डावाने चकवले होते. हे इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच झेलणे, चपळाईचे म्हणून गाजले, पण त्यामागे रचना ओळखण्याचा सराव आणि साथीदाराच्या प्रेसने मिळवून दिलेली वाट होती.

पातळी बदलली की शिकवणही बदलते. १६० फूट रुंदीच्या मैदानावर चेंडू ठेवण्याच्या खुणांच्या दोन ओळींमध्ये एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच, तर महाविद्यालयीन खेळात ४० फूट अंतर असते. त्यामुळे महाविद्यालयात चेंडू खुणेवर असला की एका बाजूला ६० आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट जागा उरते, आणि रुंद बाजूच्या कॉर्नरबॅकला बरेच अधिक मैदान सांभाळावे लागते. पाच यार्डांचा नियमही महाविद्यालयीन खेळाला लागू नाही. तेथून आलेल्या खेळाडूला म्हणूनच एनएफएलमध्ये हातांची जुनी सवय सोडावी लागते, आणि त्याच्या प्रशिक्षकाला पुन्हा उभे राहण्यापासून व पहिल्या पावलापासून सुरुवात करावी लागते.