डेबियनचा सदस्य कोण? मताधिकाराच्या वादाची पार्श्वभूमी

डेबियन ही स्वयंसेवकांनी घडवलेली मुक्त संगणक कार्यप्रणाली. हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला तेव्हा आत येण्याचे नियम जवळजवळ नव्हतेच. प्रमुखपदही सुरुवातीला नेमणुकीनेच पुढे गेले. डिसेंबर १९९८ मध्ये प्रकल्पाची घटना मंजूर झाली आणि प्रमुखाची दरवर्षी निवडणूक, त्याला पदावरून काढण्याचा सदस्यांचा अधिकार, तांत्रिक वादांसाठी समिती अशी चौकट बसली. घटनेतले सर्वांत मोलाचे कलम मात्र वेगळेच आहे: कुणावरही काम करण्याची सक्ती नाही, पण रीतसर झालेल्या निर्णयांच्या विरोधात मुद्दाम काम करायचे नाही. बिनपगारी कारभाराला याहून प्रामाणिक पाया मिळणे कठीण.

मत सदस्यांचे, पण सदस्य कोणाला करायचे हे प्रमुखाने नेमलेले प्रतिनिधी ठरवत. १९९९ च्या अखेरीस नवे प्रवेश थांबवले गेले. २००० मध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हा ओळखीची खातरजमा, प्रकल्पाच्या तत्त्वांवरची प्रश्नोत्तरे आणि कौशल्याची तपासणी असे टप्पे आले होते. ही चाळणी हवीच होती. सदस्याच्या चावीने, म्हणजे डिजिटल सहीच्या किल्लीने, सही केलेले पॅकेज (बसवण्यासाठी बांधून ठेवलेले सॉफ्टवेअर) थेट संग्रहात जाते आणि तिथून असंख्य यंत्रांवर रूटच्या, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च, अधिकाराने बसते.

गोची अशी, की त्याच चावीला मतही बांधलेले होते. वर्षानुवर्षे भाषांतर करणारे आणि दस्तऐवज लिहिणारे लोक पॅकेज बांधत नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी सदस्यत्वाची वाट नीट आखलेलीच नव्हती. ऑगस्ट २००७ च्या ठरावाने मेंटेनर हा वेगळा दर्जा मान्य झाला: ठरावीक पॅकेजे अपलोड करा, पण मत नाही. म्हणजे मताविना अपलोड शक्य झाले. अपलोडविना मत अजून बाकी होते.

ऑक्टोबर २००८ मध्ये प्रवेशाचे काम पाहणाऱ्या प्रतिनिधींनी सदस्यत्वाची नवी उतरंड जाहीर केली. पॅकेज न बांधणाऱ्यांनाही तिच्यात जागा होती. तरीही मोठा वाद झाला, आणि त्याला बदलाची भीती म्हणून निकालात काढणे अन्यायाचे आहे. मुख्य आक्षेप पद्धतीवर होता. मताचा हक्क कोणाला, हा प्रश्न घटनेच्या मुळाशी जातो. तो चर्चेविना घोषणेने कसा सुटणार? बदल स्थगित करण्याचा ठराव मांडला गेला. डिसेंबरच्या मतदानात जिंकला तो पर्याय सौम्य होता: प्रतिनिधींनी सहमती किंवा मतदान होईपर्यंत चर्चा चालू ठेवावी आणि नवा प्रस्ताव आणावा. प्रतिनिधींचा अधिकार नाकारला गेला नाही, पण त्याला सदस्यांसमोर यावे लागले.

पुढची दोन वर्षे वाया गेली असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये ठराव आला तो आटोपशीर होता. पॅकेजिंग न करणाऱ्या योगदात्यांना पूर्ण सदस्य म्हणून घ्यावे, अपलोडचा अधिकार मात्र देऊ नये, आणि त्याची कार्यपद्धती त्याच प्रतिनिधींनी आखावी. मोठ्या बहुमताने तो मंजूर झाला. आशय बराचसा २००८ चाच होता, फरक संमतीचा. मत आणि चावी यांची फारकत खरे तर घटनेतच व्हायला हवी होती; तशी झाली असती तर कितीतरी भाषांतरकारांना आधीच न्याय मिळाला असता.

त्यानंतरचे वाद सदस्यत्वापेक्षा सदस्यांच्या मर्यादांभोवती फिरले. २०१४ मध्ये इनिट प्रणालीच्या (यंत्र सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) निवडीवरून तांत्रिक समितीत समसमान मते पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला आणि कटुता दीर्घकाळ टिकली. त्याच वर्षाच्या अखेरीस समितीच्या सदस्यांच्या कार्यकाळाला मर्यादा आली. २०२१ मध्ये एका स्फोटक विषयावर नावानिशी मतदान झाले. पुढच्या वर्षी ठरावांवरची मतेही गुप्त ठेवण्याचे ठरले. प्रमुखाच्या निवडणुकीत ती आधीपासूनच गुप्त होती.

सदस्याला काढण्याचा अधिकार आजही प्रवेश देणाऱ्या प्रतिनिधींकडेच आहे. २०१९ मध्ये त्यावर अपिलाची पद्धत लिहून काढली गेली आणि प्रतिनिधींचा कोणताही निर्णय सर्वसाधारण ठरावाने फिरवण्याची सदस्यांची मुभा १९९८ पासून कायम आहे.