एकच बिल, दोनदा वटलं तर?

ब्लॉकचेनचं नाव काढलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे बिटकॉइन ना? घेऊ का?" ब्लॉकचेन ही नोंदी ठेवायची पद्धत आहे, बिटकॉइन हा तिचा एक वापर. मला आवडलेला वापर मात्र बिलं वटवण्याच्या व्यवहारातला आहे.

समजा, भोसरीतल्या एका कारखानदाराने मोठ्या कंपनीला सुटे भाग दिले. बिल ८,४०,००० रुपयांचं, पैसे तीन महिन्यांनी. तोवर कामगारांचे पगार कुठून द्यायचे? म्हणून तो बिल वटवतो. बँक व्याज कापून रक्कम आधीच देते. यासाठी रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने २०१७ पासून 'ट्रेड्स' हे ऑनलाइन मंच सुरू झाले. पण तेच बिल कुणी दुसऱ्या मंचावरही नेलं तर? मंच एकमेकांचे स्पर्धक, आपली गिऱ्हाइकं कोण दाखवणार?

इथे हॅश कामाला येतो. बिलाचा नंबर, तारीख, रक्कम असा मजकूर एसएचए-२५६ सारख्या गणिती रीतीत घातला की ६४ अक्षरांचा ठसा मिळतो, तोच हॅश. तेच बिल, तर तोच ठसा, म्हणून मंचांना बिल न दाखवता नुसते ठसे ताडून पाहता येतात. रकमेत एक रुपया वाढवा, ६४ पैकी सरासरी ६० अक्षरं बदलतात! शक्य ठशांची संख्या ७८ आकडी, त्यामुळे दोन वेगळ्या बिलांचे ठसे जुळण्याची धास्ती नाही. ठशावरून बिल उलगडत नाही. पण निम्मे तपशील ठाऊक असलेला माणूस उरलेले अंदाजाने घालून ताडून पाहू शकतो, म्हणून मजकुरात गुप्त किल्लीही मिसळावी लागते. आणि बिल नंबरात एकीकडे आडवी रेघ, दुसरीकडे नाही, एवढ्यानेही ठसा बदलतो. तेव्हा लिहायची रीत आधी एकसारखी हवी.

२०१८ मध्ये आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज आणि इनव्हॉइसमार्ट या तिन्ही मंचांनी अशी दुबार बिलं पकडायला सामाईक ब्लॉकचेन वापरायला घेतली. साधा डेटाबेस का नको? तो कुणा एकाच्या ताब्यात राहिला असता. इथे प्रत सगळ्यांकडे असते, आणि प्रत्येक नव्या ब्लॉकमध्ये, म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यात, मागच्या ब्लॉकचा हॅश असतो. मागची एक नोंद खोडली की तिथून पुढची साखळी चुकते, इतरांच्या प्रतींशी ताळा बसत नाही.

'ब्लॉकचेन आली, घोटाळे संपले' हा प्रचार मात्र खोटा आहे, आणि तिच्या नावाने दामदुप्पट देणाऱ्या योजना तर निव्वळ लूट. माल न पाठवताच बिल बनवलं, तर त्याचाही ठसा व्यवस्थित उमटतो. ते अडवायला माल घेणाऱ्या कंपनीने बिल मान्य करावं लागतं. ट्रेड्सवर ती अट आहे.