उशीर मोजायला कोण शिकलं?

सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रमांत वास्तवाशी नातं तुटण्याचा, पहिला झटका बहुधा विशीच्या आसपास येतो. मुलगा कॉलेज सोडतो, रात्रभर जागतो, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात म्हणतो. गोव्यात अशा मुलाची आई ओपीडीत बसली की कोकणीत सांगते, 'एकटोच उलयता, राती न्हिदना' (एकटाच बोलतो, रात्री झोपत नाही). मी अशा एका आईची प्लास्टिकची पिशवी पाहिली होती. औषधांच्या चिठ्ठ्यांखाली देवळातला अंगारा आणि घाड्याने, म्हणजे गावातल्या देवऋष्याने, दिलेला दोरा. चिठ्ठ्यांवर तारखा होत्या. दोरा कधी बांधला ते तिला आठवून सांगावं लागलं: चवथीच्या आधी. तोवर शिगमा येऊन गेला होता.

चवथ (गणेश चतुर्थी) ते शिगमा (होळीचा सण), हा जो लक्षणं दिसल्यापासून उपचारापर्यंतचा मधला काळ, तो मोजण्याची सवय मानसोपचाराला फार उशिरा लागली. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराचं जे चित्र रेखाटलं ते घसरणीचंच. मग घाई कशाची करायची? १९५२ साली क्लोरप्रोमाझिन हे सायकोसिसवरचं औषध आलं, वॉर्ड शांत झाले, पण नवा रुग्ण जुन्यांच्याच शेजारी झोपत राहिला.

फरक केला तो वॉर्डात काम करणाऱ्यांनी. १९८४ मध्ये मेलबर्नच्या रॉयल पार्क रुग्णालयात पहिल्यांदाच आजारी पडलेल्यांसाठी छोटा वेगळा कक्ष निघाला. कारण साधं होतं. वीस वर्षांच्या मुलाला समोरच्या खाटेवर स्वतःचं भविष्य दिसत होतं, आणि ते बघूनच तो खचत होता. तिथून मानसोपचारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगॉरी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये 'एपिक' सेवा उभी केली: औषधाचा डोस कमी, घरच्यांशी बोलणं जास्त, शिक्षण-नोकरीची दोरी तुटू द्यायची नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमकडच्या मंडळींनी तेच आपल्या पद्धतीने केलं. त्यांच्यात एक फॅमिली डॉक्टर आजारी मुलीचा बाप म्हणूनही बसायचा, आणि माझ्या मते बैठकांचा सूर त्यामुळेच बदलला असावा.

सगळ्यात बोलका धडा नॉर्वेच्या रोगालांडचा. १९९७ पासून तिथे वर्तमानपत्रांत जाहिराती आल्या, शाळांतून माहिती गेली, आणि कुणीही फोन केला तरी दखल घेणारं पथक तयार राहिलं. पहिल्या लक्षणांपासून उपचारापर्यंतचा मधला (मीडियन) काळ इतरत्र सोळा आठवडे होता, तिथे पाचावर आला. मग जाहिराती थांबल्या. काळ परत पंधरा आठवड्यांवर गेला.

आपल्याकडे चेन्नईत स्किझोफ्रेनियावर काम करणारी 'स्कार्फ' संस्था १९८४ पासून आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाबरोबर तिने पहिल्या झटक्याच्या रुग्णांची तुलना केली, तेव्हा चेन्नईत घरची माणसं उपचारात जास्त गुंतलेली दिसली. गोव्याचा वाटा वेगळा. पणजीत ज्याचा पुतळा आहे त्या आबे फारिया या संमोहनविद्येच्या गोमंतकीय अभ्यासकाचं नाव पणजीतल्याच आल्तिनो टेकडीवरच्या मनोरुग्णालयाला होतं; १९८० मध्ये त्याची आयपीएचबी (इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अँड ह्यूमन बिहेवियर) झाली आणि पुढे ती बांबोळीला हलली. १९९६ मध्ये मानसिक आरोग्यावर काम करणारी 'संगाथ' ही संस्था सुरू झाली. गोवा, सातारा आणि तमिळनाडूत झालेल्या 'कॉप्सी' चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले: डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जाऊन स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना आधार देऊ शकतात. फायदा माफक होता, आणि ती चाचणी नव्याने आजारी पडलेल्यांसाठी नव्हती. हे विसरून तिचा दाखला देणारे बरेच भेटतात.

मेलबर्नचा कित्ता इथे जशाच्या तसा गिरवता येणार नाही, कारण इथे पहिला कान डॉक्टरचा नसतो. जल्मीवर, म्हणजे देवाच्या माध्यमावर, भार येतो, देवाला कौल लावला जातो, आणि घाबरलेल्या पोराचं कुणीतरी शांतपणे ऐकून घेतं. यात अडाणीपणा शोधण्यात अर्थ नाही. सल्लागार, नर्स, आशाताई, कॉलेजातले प्राध्यापक यांनी एकत्र बसून अनुभव मांडायचे झाले तर त्या टेबलाशी घाड्यालाही खुर्ची लागेल. दोरा कधी बांधला, हे त्या आईपेक्षा त्याला नेमकं ठाऊक असतं.