लॉस एंजेलिसचा शेरीफ आणि त्याच्या ताब्यातला तुरुंग

नोव्हेंबर १९९८. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, मतपत्रिकेवर शेरीफपदासाठी, म्हणजे तिथल्या पोलीस आणि तुरुंगाच्या प्रमुखाच्या जागेसाठी, दोन नावं होती आणि त्यातला एक उमेदवार हयात नव्हता. विद्यमान शेरीफ शर्मन ब्लॉक मतदानाला जेमतेम आठवडा उरला असताना वारले होते. तरीही त्यांच्या समर्थकांनी प्रचार थांबवला नाही. ब्लॉक निवडून आले तर रिकाम्या जागी काउंटीचा कारभार पाहणारं पर्यवेक्षक मंडळ कुणाची तरी नेमणूक करील, असा त्यांचा हिशेब होता. लाखो लोकांनी ब्लॉक यांना मतं दिलीही. निवडून मात्र आले त्यांच्याच खात्यातले अधिकारी ली बाका.

हा प्रसंग तिथल्या शेरीफपदाचं रूप दाखवतो. १९३२ ते १९९८ या ६६ वर्षांत काउंटीला तीनच शेरीफ मिळाले: यूजीन बिस्कायलूझ, पीटर पिचेस आणि ब्लॉक. खुर्चीवर बसण्याआधी तिघेही खात्यात दुसऱ्या क्रमांकावर होते. दर चार वर्षांनी निवडणूक व्हायची, पण पदावर बसलेल्या शेरीफला हरवणं जवळजवळ अशक्य मानलं जाई. शिवाय कॅलिफोर्नियाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस कायदा केला, की पोलीस सेवेची पार्श्वभूमी असलेल्यालाच शेरीफपदासाठी उभं राहता येईल. म्हणजे वकील, डॉक्टर किंवा समाजकार्यकर्ता यांच्यासाठी दार बंदच झालं. माझ्या मते पुढच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ इथे आहे.

हे पद मुळात इंग्लंडचं. ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे राजाचा कारभारी. सारा गोळा करणं, हुकूम बजावणं, आरोपींना कोठडीत ठेवणं ही त्याची कामं. इंग्रज जिथे गेले तिथे हे पदही गेलं. आपल्या मुंबईतही शेरीफ आहे, त्याला आपण नगरपाल म्हणतो. डॉ. भाऊ दाजी लाड दोनदा मुंबईचे शेरीफ होते, १९८० साली दिलीपकुमार होते. पण मुंबईत ते वर्षभराचं मानाचं पद उरलं, ना हाताखाली पोलीस ना तुरुंग. अमेरिकेत उलट घडलं. तिथल्या बहुतेक राज्यांनी शेरीफ थेट लोकांच्या मतांवर सोपवला आणि पोलीस व तुरुंग ही दोन्ही खाती त्याच्याच हाती ठेवली. लॉस एंजेलिस काउंटीत १८५० पासून शेरीफ निवडून येतो.

लॉस एंजेलिस शहराचं पोलीस दल वेगळं आहे, त्याचा प्रमुख नेमलेला असतो. शेरीफचं क्षेत्र म्हणजे काउंटीतला नगरपालिका नसलेला भाग, आणि त्याशिवाय पैसे भरून त्याचे पोलीस घेणारी चाळीसेक छोटी शहरं. ही कंत्राटी पद्धत १९५४ साली लेकवुडपासून सुरू झाली. पण कामाचा सर्वांत जड भाग आहे जेल. तिथल्या ‘जेल’मध्ये शिक्षा झालेले थोड्या मुदतीचे कैदी असतात आणि खटला उभा राहायची वाट पाहणारे कच्चे कैदी मोठ्या संख्येने असतात. दीर्घ शिक्षेचे कैदी राज्याच्या कारागृहात जातात. सुमारे एक कोटी वस्तीच्या या काउंटीची जेलव्यवस्था अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. ऐन गर्दीच्या काळात तिथे २० हजारांवर माणसं कोंडलेली असत, अलीकडे हा आकडा १२-१३ हजारांच्या आसपास असतो.

त्यातलं सर्वांत बदनाम ठिकाण मेन्स सेंट्रल जेल. ते १९६३ साली उघडलं. लांबच लांब गजांच्या रांगा असलेली ही इमारत अशी, की एका टोकाच्या पहारेकऱ्याला दुसऱ्या टोकाच्या कोठडीत काय चाललंय ते दिसत नाही. १९७५ साली कैद्यांच्या वतीने पिचेस यांच्यावर फेडरल न्यायालयात दावा दाखल झाला. १९७८ च्या निकालात न्यायालयाने शेरीफला बजावलं ते काय, तर प्रत्येक कैद्याला रात्री झोपायला बिछाना द्या, मोकळ्या अंगणात जाऊ द्या, जेवायला पुरेसा वेळ द्या. एवढ्या गोष्टींसाठीही न्यायालयाची पायरी चढावी लागली. याच सुमारास मनोरुग्णालयं रिकामी होत होती. १९६७ च्या राज्य कायद्याने रुग्णांना बळजबरीने डांबून ठेवणं अवघड केलं, हेतू चांगला होता. पण वस्तीपातळीवर जे उपचार मिळायला हवे होते, ते पुरेसे उभे राहिले नाहीत आणि आजारी माणसं रस्त्यावरून जेलमध्ये येऊ लागली. आज तिथल्या दर दहा कैद्यांपैकी चारांच्या आसपास मानसिक आजाराच्या उपचारांखाली असतात. जेलच्या नव्या जुळ्या मनोऱ्यांना देशातलं सर्वांत मोठं मनोरुग्णालय म्हणतात. हे ऐकलं की पोटात कालवतं.

बाकांची गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगतो. कैद्यांना शिकवा, वर्ग भरवा, माणूस बदलतो, असं ते जाहीरपणे मांडत आणि शिक्षणाचे कार्यक्रम त्यांनी चालवलेही. उमेदवार म्हणून त्यांचे तुरुंगाविषयीचे विचार वाचले असते तर मतदाराने आनंदाने मत दिलं असतं. पण त्यांच्याच जेलमध्ये डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचे पोलीस, कैद्यांना मारहाण करत होते. मेन्स सेंट्रलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या डेप्युटींच्या टोळक्याला तर स्वतंत्र नाव होतं. २०११ साली एफबीआयने एका कैद्याकडे चोरून मोबाइल पोचवला आणि आतली माहिती मिळवायला सुरुवात केली. फोन सापडताच खात्याने त्या कैद्याला खोट्या नावांनी नोंदवून लपवलं. दोन सार्जंट तपास करणाऱ्या एफबीआय अधिकाऱ्याच्या घरापर्यंत गेले आणि अटकेची धमकी देऊन आले. त्याच वर्षी पर्यवेक्षकांनी नेमलेल्या आयोगाने २०१२ च्या अहवालात बळाच्या बेफाम वापराची जबाबदारी वरिष्ठांपर्यंत नेऊन ठेवली. जानेवारी २०१४ मध्ये बाकांनी पद सोडलं. तपासात अडथळा आणल्याबद्दल २०१७ साली ते दोषी ठरले आणि त्यांना तीन वर्षांची कैद झाली. त्यांचे उपप्रमुख पॉल टनाका २०१४ ची निवडणूक स्वतः लढवत होते. पुढे त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली.

ती निवडणूक जिंकली जिम मॅकडॉनेल यांनी. ते शेजारच्या लाँग बीचचे पोलीसप्रमुख आणि तुरुंगातल्या हिंसाचारावरच्या त्या आयोगाचे सदस्य, म्हणजे बाहेरचा माणूस. चार वर्षांनी, २०१८ मध्ये, त्यांना हरवलं अ‍ॅलेक्स व्हियानुएव्हा यांनी. पदावरचा शेरीफ निवडणुकीत पडण्याची ही शंभर वर्षांतली पहिलीच वेळ. इमिग्रेशन खात्याचे अधिकारी जेलमधून बाहेर काढीन, हे त्यांचं मुख्य आश्वासन होतं, आणि ते त्यांनी पाळलं. त्याच आश्वासनावर विसंबून स्थलांतरितांच्या संघटना आणि डाव्या विचारांचे मतदार त्यांच्यामागे उभे राहिले होते. मग बडतर्फ डेप्युटीला परत घेणं, शेरीफच्या खात्यावर लक्ष ठेवणाऱ्या नागरी देखरेख आयोगाची समन्स धुडकावणं, डेप्युटींच्या टोळ्या नाहीतच असं ठासून सांगणं हे सगळं सुरू झालं. या आयोगाला समन्स काढण्याचा अधिकार मतदारांनीच मार्च २०२० च्या सार्वमतात दिला होता.

जेलचं काय करायचं, हा वाद तेव्हा पर्यवेक्षक मंडळातही पेटला होता. मेन्स सेंट्रल पाडून तिथे मानसोपचारासाठी नवा तुरुंग बांधण्याचा १७० कोटी डॉलरचा ठेका मंडळाने ऑगस्ट २०१९ मध्ये रद्द केला. तुरुंगाच्या जागी तुरुंगच का, हा कार्यकर्त्यांचा प्रश्न होता, आणि मला तो रास्त वाटतो. २०२१ साली पर्यायी जेल न बांधता मेन्स सेंट्रल बंद करण्याचं ठरलं. इमारत मात्र अजून चालू आहे, कारण आतल्या हजारो माणसांसाठी बाहेर पुरेशा उपचारखाटा आणि घरं उभी राहिलेली नाहीत.

२०२२ च्या प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते. जवळपास प्रत्येक जाहीर चर्चेत मेन्स सेंट्रल, डेप्युटींच्या टोळ्या आणि देखरेख हे विषय निघाले. पूर्वी शेरीफच्या प्रचारात गस्त आणि गुन्हेगारी यांपलीकडे फार काही नसे, त्यामुळे हा मोठा फरक होता. नोव्हेंबरमध्ये लाँग बीचचेच माजी पोलीसप्रमुख रॉबर्ट लुना सुमारे ६१ टक्के मतं मिळवून जिंकले. त्याच दिवशी मतदारांनी आणखी एक गोष्ट केली: गैरवर्तन करणाऱ्या शेरीफला चार-पंचमांश बहुमताने काढण्याचा अधिकार पर्यवेक्षक मंडळाला दिला. पाच जणांच्या मंडळात चार मतं लागतील. राजाच्या कारभाऱ्याच्या या वारसाला मतदारांखेरीज आणखी कुणाला तरी उत्तर देणं भाग पडलं.

आतलं चित्र मात्र अजून तसंच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी काउंटी आणि शेरीफवर जेलमधल्या अमानुष परिस्थितीबद्दल दावा लावला. चार वर्षांत २०० हून अधिक कैदी आत मरण पावले, असं त्यात म्हटलं आहे. घाण, उंदीर-झुरळं, न मिळणारे उपचार, आत्महत्या याच तक्रारी पुन्हा पुढे आल्या. १९७५ च्या दाव्याला तोवर पन्नास वर्षं झाली होती. लुनांच्या निवडीनंतरची शेरीफची निवडणूक २०२६ सालची. राज्याने कायदा बदलून बऱ्याच काउंट्यांतली ही निवडणूक २०२८ पासून अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षाशी जोडली, पण लॉस एंजेलिसला तो बदल लागू झाला नाही. अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी मतदान जास्त होतं, त्यामुळे एरवी घरी बसणारे तरुण आणि गरीब वस्त्यांतले मतदार शेरीफच्या रकान्यापर्यंत पोचतील, अशी कायदा करणाऱ्यांची अपेक्षा आहे. जेलमध्ये जाणाऱ्या मुलांची घरं बहुतेक त्याच वस्त्यांत आहेत.