फ्लुओरोक्विनोलोन

जिवाणूंचा नाश करणाऱ्या कृत्रिम औषधांचा एक गट. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही त्यातली परिचित नावे. पेनिसिलीन बुरशीपासून मिळाले, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूंपासून; हा गट मात्र रसायनशाळेत जन्मला. काटेकोर अर्थाने ही प्रतिजैविके नव्हेत, पण व्यवहारात तीच संज्ञा रूढ आहे.

हिवतापावरील क्लोरोक्विन बनवताना हाती आलेल्या एका उपपदार्थावरून जॉर्ज लेशर व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक आम्ल पुढे आणले. ते लघवीत पुरेसे उतरे, पण रक्तात व ऊतींत पुरेसे टिकत नसे. त्यामुळे उपयोग मूत्रमार्गापुरताच राहिला. पुढे रेणूत फ्लोरिनचा अणू बसवल्यावर मारक शक्ती कितीतरी वाढली. नॉरफ्लॉक्सासिन आले, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत सिप्रोफ्लॉक्सासिनला मान्यता मिळाली.

जिवाणूच्या पेशीत डीएनएचा लांबलचक धागा पिळून बसवलेला असतो. त्याची प्रत काढताना पडणारा ताण सैल करण्यासाठी डीएनए गायरेज हे विकर धागा तोडते आणि पुन्हा सांधते. धागा तुटलेला असतानाच औषध तेथे अडकून बसते. सांधा जुळत नाही आणि जिवाणू मरतो. टोपोआयसोमरेज-४ हे दुसरे विकरही असेच निकामी होते.

मूत्रपिंड व प्रोस्टेट ग्रंथीचा जंतुसंसर्ग, स्यूडोमोनास या जिवाणूमुळे होणारे आजार, काही प्रकारचा न्यूमोनिया, अँथ्रॅक्स व प्लेग यांवर ही औषधे वापरतात. मॉक्सिफ्लॉक्सासिन लघवीत फारसे उतरत नाही, म्हणून मूत्रमार्गासाठी ते निरुपयोगी. गोळी पोटातून चांगली शोषली जात असल्याने अनेकदा सलाईनची गरज उरत नाही. मात्र आम्लपित्तावरची अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त औषधे, लोह, जस्त किंवा कॅल्शियम सोबत घेतल्यास गोळी त्यांच्याशी बांधली जाते आणि वाया जाते.

याच सोयीमुळे ही औषधे किरकोळ दुखण्यांसाठीही सर्रास लिहिली गेली, आणि ते चुकीचेच होते. कारण या औषधांचे दुष्परिणाम गंभीर असू शकतात. टाचेमागची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) सुजू शकते, प्रसंगी तुटते. साठीपुढील व्यक्ती, स्टिरॉइड घेणारे व अवयव प्रत्यारोपण झालेले यांना धोका अधिक. पायात कळ येताच गोळी थांबवून डॉक्टरांना गाठावे. हातापायांना मुंग्या येणे, गोंधळ, रक्तातील साखर एकदम उतरणे, हृदयाची लय बिघडणे, क्वचित महाधमनी फाटणे हेही नोंदले गेले आहे. मुंग्यांचा त्रास औषध थांबवल्यावरही कायम राहू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये कंडरेविषयी ठळक इशारा छापायला लावला. २०१६ मध्ये सायनसचा दाह, ब्राँकायटिस आणि साधा मूत्रमार्ग संसर्ग यांत दुसरा पर्याय असताना ही औषधे देऊ नयेत असे बजावले.

गायरेजच्या जनुकात थोडासा बदल झाला तरी जिवाणू दाद देईनासा होतो. दक्षिण आशियातील विषमज्वर आणि जगभरातील परमा यांवर ही औषधे आता भरवशाची राहिलेली नाहीत. सर्वांत चिंतेची बाब क्षयाची. बहुऔषधरोधी क्षयात लिव्होफ्लॉक्सासिन व मॉक्सिफ्लॉक्सासिन हे उपचाराचे आधारस्तंभ आहेत. पण क्षयाचा खोकला साधा न्यूमोनिया समजून हीच गोळी दिली, तर रुग्णाला काही दिवस बरे वाटते, निदान लांबते आणि तेवढ्यात क्षयाचे जंतू तिला सरावू शकतात.