बोअरची गाडी आणि कुमारप्पांचा हिशेब

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडे एप्रिल-मेमध्ये झोपमोड होते ती बोअरच्या गाडीनं. सकाळी पाहावं तर संत्र्याच्या पानापानावर राखाडी भुकटी, आणि धुऱ्यावर बसलेला मालक एवढंच बोलतो, ‘आठशे फूट. ड्राय.’ त्याच्या बापाची विहीर चाळीस फुटांची. तिच्यावर मोट चालायची. केंद्रीय भूजल मंडळाच्या लेखी हे तालुके ‘अतिशोषित’, म्हणजे जमिनीत मुरतं त्याहून जास्त उपसणारे. गावात ‘डार्क झोन’ म्हणतात.

वाढीला मर्यादा असते ही चर्चा १९७२ पासूनची, असं सांगायची रीत आहे. त्या वर्षी क्लब ऑफ रोम या आंतरराष्ट्रीय विचारगटासाठी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी लोकसंख्या, अन्न, उद्योग, प्रदूषण आणि संपणारी साधनं संगणकात घातली. हीच चाल राहिली तर शंभर वर्षांच्या आत मर्यादा गाठली जाईल, असं उत्तर आलं. नवं तंत्रज्ञान वाट काढेल, असं म्हणत अनेक अर्थतज्ज्ञांनी ते उडवून लावलं.

पण आपल्या शेजारी, वर्ध्याच्या मगनवाडीत, हे आधीच मांडून झालं होतं. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं निघालेल्या ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहणारे जे. सी. कुमारप्पा मुळात हिशेबतपासनीस. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक त्यांनी जबलपूरच्या तुरुंगात लिहिलं; ते १९४५ मध्ये छापलं गेलं. कोळसा, तेल, खनिज हा त्यांच्या लेखी हौद, उपसाल तेवढा घटणारा. जंगलाचं लाकूड हा झरा, वाढीच्या बेतानं घेतलं तर न आटणारा. संत्रापट्ट्यात दोन्ही एकाच वावरात आहेत. विहिरीला येतो तो पावसाचा झरा. आठशे फुटांखालचं पाणी जवळजवळ हौदच, भरायला पिढ्या लागाव्यात असा. त्यात आंबिया बहाराला, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या संत्र्याला, पाणी हवं ते नेमकं उन्हाळ्यात.

ठिबक आलं तेव्हा वाटलं, सुटलो. १८६५ मध्ये जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञानं लिहिलं होतं की कमी कोळशात चालणारी इंजिनं आली की कोळसा वाचत नाही, उलट जास्त जळतो. आमच्याकडेही वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं नाही. पडीत एकरात नव्या कलमा लागल्या.

बोअरचा दर फुटावर असतो, पाणी लागो न लागो. कोरड्या आठशे फुटांचंही बिल होतं, आणि देशाच्या उत्पन्नात ते वाढ म्हणूनच धरलं जातं.